पाच वॉट आणि धुऱ्यावरची तार

माझं दुकान मोटार वाइंडिंगचं आहे, यवतमाळला, आर्णी रोडवर. हरभऱ्याचं आणि गव्हाचं ओलीत सुरू झालं की लाइनीवर लोड येतो, व्होल्टेज पडतं आणि जळालेल्या सबमर्सिबल मोटारी दुकानासमोर येऊन पडतात. मोटार आणणाऱ्याचं म्हणणं ठरलेलं असतं, "भाऊ, पाचची काई पुरत नाही, आता साडेसातचीच टाकतो." पाच हॉर्सपॉवर म्हणजे साधारण ३,७०० वॉट. जास्त ताकद तर जास्त काम, असा हा हिशेब. त्यावर माझं घर चालतं, म्हणून मी वाद घालत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मात्र मी शटर ओढतो, घाटंजी रोडला मेहुण्याच्या शेतात जातो आणि तिथे बसून पाचावरच जर्मनी, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया गाठतो. पाच हॉर्सपॉवर नव्हे, पाच वॉट. घरातला साधा एलईडी बल्बसुद्धा नऊ वॉटचा असतो.

हॅम रेडिओ हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पण ते भूकंप-पुराच्या बातम्यांत. हॅम म्हणजे सरकारी परवाना घेऊन स्वतःच्या संचावरून दुसऱ्या परवानाधारकाशी थेट संपर्क साधणारा हौशी माणूस. मध्ये टॉवर नाही, इंटरनेट नाही, रिचार्ज नाही. यातून पैसे कमवायचे नाहीत, गाणी लावायची नाहीत, राजकारण बोलायचं नाही. परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते. वयाची बारा वर्षं पुरी झाली की परीक्षा देता येते. परवान्याचे दोन वर्ग आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. जनरलसाठी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगानं टिंब-रेघांचं मोर्स यावं लागतं, आणि त्या परवान्यावर ४०० वॉटपर्यंत ताकद वापरायची मुभा मिळते. म्हणजे कायद्यानं मला ऐंशीपट जोर लावता येतो. मी लावत नाही, कारण मी ज्या वर्गात खेळतो त्याची अट पाच वॉटची आहे.

या वर्गाला जगभर क्यूआरपी म्हणतात. तारायंत्राच्या काळापासून बिनतारी लोकांनी तीन-तीन अक्षरांचे संकेत ठरवलेले आहेत. त्यातला क्यूआरपी म्हणजे 'ताकद कमी करा'. हळूहळू तोच कमी ताकदीवर काम करणाऱ्यांचा पंथ झाला. एका वॉटमागे एक हजार मैल अंतर गाठणाऱ्याला त्यांच्यात एक मानाचं प्रमाणपत्रही आहे. पाच वॉटवर त्याला ८,००० किलोमीटर लागतात. यवतमाळहून जर्मनी सात हजाराच्या आसपास, म्हणजे थोडक्यात हुकते. सिडनी आरामात बसते.

आता स्पर्धा. सीक्यू वर्ल्ड वाइड ही आमच्या जगातली सगळ्यात मोठी. १९४८ पासून चालू आहे. तोंडी बोलण्याची फेरी ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी आणि मोर्सची नोव्हेंबरच्या. दोन्ही ४८ तासांच्या. घड्याळ जागतिक वेळेचं, त्यामुळे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरुवात आणि सोमवारी पहाटे साडेपाचला शेवट. तेवढ्या वेळात जितक्या स्टेशनांशी संपर्क होईल तितका करायचा. हवामान कसं, पोरं काय करतात, असल्या गप्पा नाहीत. दोघांनी एकमेकांना आपलं नाव, म्हणजे कॉलसाइन, सांगायचं, मग आवाजाचा शेरा आणि आपल्या विभागाचा आकडा द्यायचा, की पुढचा. स्पर्धेसाठी जगाचे ४० विभाग पाडलेत. भारत २२ मध्ये येतो.

गुणांची पद्धत पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गमतीची वाटते. दुसऱ्या खंडातलं स्टेशन मिळालं की तीन गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाचं असेल तर एक, आणि आपल्याच देशातलं असेल तर शून्य. त्यामुळे जपान इतका लांब असून एक गुण देतो, आणि त्याहून जवळचा इंडोनेशिया तीन देतो, कारण हॅमच्या नकाशात इंडोनेशिया आशियात नाही, ओशनियात आहे. शिवाय प्रत्येक बँडवर, म्हणजे लहरींच्या ठरलेल्या पट्ट्यावर, मिळालेला प्रत्येक नवा देश आणि प्रत्येक नवा विभाग हा गुणक असतो. समजा शंभर संपर्क झाले आणि सगळे तीन-तीन गुणांचे निघाले, तर तीनशे. त्यात देश पस्तीस आणि विभाग पंधरा असतील तर तीनशे गुणिले पन्नास, म्हणजे पंधरा हजार. म्हणूनच नागपूर किंवा पुण्याचं स्टेशन ऐकू आलं की शून्य गुणांसाठीही मी घाईघाईनं बोलून घेतो. गुण नाही, पण गुणक मिळतो.

आता मुद्द्याचं. पाच वॉट तिथपर्यंत पोचतात कसे?

आपल्या विदर्भातच याच्या दुसऱ्या टोकाचं उदाहरण होतं. आकाशवाणीचं नॅशनल चॅनेल १९८८ मध्ये सुरू झालं. ते नागपूरच्या प्रक्षेपकावरून मध्यम लहरींवर यायचं, आणि त्याची ताकद होती १,००० किलोवॉट, म्हणजे दहा लाख वॉट. पण त्याला घराघरातल्या साध्या ट्रान्झिस्टरपर्यंत, कुठल्याही कोपऱ्यात, गाणं गाण्यासारखं पोचवायचं होतं. मला तसं काहीच करायचं नाही. समोर एकच माणूस आहे, त्याच्या कानाला हेडफोन आहे, त्याचा अँटेना माझ्याहून कितीतरी मोठा आहे आणि त्याला माझ्याकडून फक्त टिंबं आणि रेघा हव्या आहेत. मोर्सचा आवाज एक बारीक सूर असतो. तो ऐकायला रेडिओची खिडकी अगदी अरुंद केली तरी चालते, आणि खिडकी अरुंद केली की बाहेरचा गोंगाटही तेवढाच कमी आत येतो.

बाकीचं काम आकाश करतं. जमिनीपासून अडीचशे-तीनशे किलोमीटरवर सूर्याच्या किरणांनी हवेचे कण विद्युतभारित झालेले असतात. लघुलहरी तिथून वळून परत खाली येतात, एका उडीत तीन-चार हजार किलोमीटर जातात. जर्मनीला दोन उड्या पुरतात. सूर्यावर डाग जास्त असले की हा थर दाट होतो आणि २८ मेगाहर्ट्झसारखे वरचे बँडही उघडतात. हे चक्र साधारण अकरा वर्षांचं असतं. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि सूर्य कमाल अवस्थेत पोचल्याचं नासा आणि नोआ या संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. अशा वर्षांत पाच वॉटवाल्याची चांदी असते.

आता माझ्या गिऱ्हाइकांना कधीच न पटणारा हिशेब. रेडिओवरचा आवाज एस-मीटरच्या पायऱ्यांत मोजतात. एक ते नऊ. प्रत्येक पायरी म्हणजे चौपट ताकद. मी पाच वॉटचे वीस केले तर समोरच्याकडे माझा काटा एक पायरी चढेल. ऐंशी केले तर दोन. शंभर वॉटचा माणूस जिथे सातवर ऐकू येतो तिथे मी पाचला जरा कमी पडतो, बस. पाच आणि सात, दोन्ही ऐकू येतात. विसाव्या हिश्श्याची ताकद वापरून मी एवढंच गमावतो.

उलट, जमिनीपासून बारा फुटांवरची तार तेहतीस फुटांवर नेली तर दूरदेशी जाणाऱ्या सपाट कोनात एक पायरी सहज वर चढते. म्हणजे चौपट वॉट, खर्च नायलॉनच्या दोरीचा. त्यामुळे माझी सगळी अक्कल तारेत जाते.

तार म्हणजे डायपोल. तांब्याचे दोन सारखे तुकडे एका ओळीत बांधायचे, मधोमध केबल जोडायची. १४३ ला मेगाहर्ट्झनं भागलं की एकूण लांबी मीटरमध्ये निघते. १४ मेगाहर्ट्झच्या मोर्सच्या भागासाठी १० मीटर १८ सेंटिमीटर, म्हणजे साधारण तेहतीस फूट. ७ साठी त्याच्या दुप्पट, २८ साठी निम्मी. तिन्ही जोड्या एकाच केबलच्या टोकाला बांधल्या आणि टोकं वेगवेगळी ताणली तरी चालतं, ज्या बँडवर बोलावं तीच जोडी काम करते. ७ ची जोडी २१ वर फुकटात चालते, कारण २१ ही तिची बरोबर तिप्पट आहे. एवढ्यात चार बँड झाले.

मी वाइंडिंगचीच तार वापरतो, १८ गेजची, इनॅमलवाली. दुकानात तुकडे पडलेलेच असतात. टोकाचं इनॅमल ब्लेडनं नीट खरवडायचं, नाहीतर सोल्डर बसल्यासारखं दिसतं आणि बसत नाही. या तारेत एक खोड आहे. तांबं मऊ असतं, ताणलं की वाढतं. पहिल्या दिवशी बरोबर कापलेली तार आठवड्यानं लांब झालेली असते आणि अँटेना खालच्या बाजूला सरकतो. म्हणून मी कापायच्या आधी ती झाडाला बांधून हातानं चांगली ओढून घेतो. मधला जोड पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर. टोकाला इन्सुलेटर म्हणून ठिबकच्या नळीचे तुकडे. केबल डिश टीव्हीची. त्यावर शहरातले शिकलेले हॅम नाक मुरडतात, कारण रेडिओला ५० ओहमची केबल लागते आणि डिशची ७५ ची असते. पण मोकळ्या हवेत डायपोलचा स्वतःचा रोध सत्तरीतलाच असतो, त्यामुळे तिकडे ती चांगली जुळते, आणि रेडिओकडे जी थोडी तफावत राहते तिनं काही बिघडत नाही. फक्त तिच्या जाळीला सोल्डर धरत नाही, कनेक्टर लावावा लागतो.

मेहुण्याच्या धुऱ्यावर एका टोकाला कडुनिंब आहे आणि दुसऱ्या टोकाला मोह. कोणी ठरवून लावलेले नाहीत, पण दोघांना जोडणारी रेघ ईशान्य-नैर्ऋत्य जाते. डायपोल तारेच्या आडव्या दिशेला सगळ्यात जोरात बोलतो आणि तिच्या टोकांच्या दिशेला जवळपास मुका असतो. म्हणजे ही तार वायव्येला आणि आग्नेयेला बोलते. यवतमाळहून वायव्येला सगळा युरोप पडतो आणि आग्नेयेला इंडोनेशिया-ऑस्ट्रेलिया. सगळे तीन गुणांचे. जपान ईशान्येकडे, तारेच्या टोकाला येतो, तो कमी ऐकू येतो. येऊ दे, एकच गुण आहे त्याचा. शेताचा उतारही वायव्येकडे आहे, आणि अँटेनासमोरची जमीन खाली उतरत गेली की लहर आणखी सपाट निघते. मेहुण्याला या जमिनीत पाणी थांबत नाही म्हणून तक्रार आहे. मी गप्प बसतो.

फांदीवर दोरी टाकायला गुलेर. आधी तंगूस बांधलेला दगड फांदीवरून पलीकडे मारायचा, मग तंगुसाला सुतळी, सुतळीला नायलॉनची दोरी. मोहाच्या बाजूला विहिरीवरची जुनी कप्पी बांधली आहे. तिच्यावरून येणाऱ्या दोरीला खाली एक धोंडा लटकवलेला असतो. वाऱ्यानं झाड हललं की धोंडा वरखाली होतो आणि तार तुटत नाही. हे सगळं चालू असताना सालगडी जवळ येऊन उभा राहिला होता. बराच वेळ पाहून म्हणाला, "भाऊ, एवढ्या उच्च्यावर कपडे वाळू घालाले जाईन कोन?"

पावसाळ्यात मात्र ही तार वर ठेवायची नाही. आपल्याकडे वीज कशी पडते ते सांगायला नको. मृगाच्या आधी ती उतरवून, गुंडाळून ठेवलेली असते.

शेतात जायचं खरं कारण झाडं नाहीत, शांतता आहे. दुकानाच्या गच्चीवर मी हीच तार लावून पाहिली आहे. शेजारपाजारचे एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स, कोणाच्या छपरावरचं सोलर, या प्रत्येकाच्या पोटात एक छोटं स्विचिंगचं सर्किट असतं आणि ते दिवसभर लघुलहरींवर खरखर करतं. काटा काही न ऐकताच सहा-सातवर. त्याखाली जे दबलं ते दबलं. शेतात तोच काटा एकवर पडलेला असतो. जर्मनीवाल्याला मी ऐकू येणं त्याच्या हातात आहे, पण तो मला ऐकू येणं माझ्या हातात आहे, आणि त्यानं माझं नाव अर्धवट घेऊन विचारलेला प्रश्नच मला ऐकू आला नाही तर हजार वॉट लावूनही संपर्क पुरा होणार नाही. मुंबई-पुण्याचे हॅम लाखाचे रेडिओ घेऊन बिल्डिंगच्या गच्चीवर या खरखरीशी झगडत असतात. आमच्या जिल्ह्यात ज्या गोष्टींचा अभाव म्हणून सर्वेक्षणं होतात, त्यातल्या निम्म्या माझ्या कामाला येतात.

पण शेतालाही स्वतःचा गोंगाट आहे. रानडुकरं आणि रोही यांच्यासाठी आता प्रत्येक धुऱ्यावर झटका मशीन असते. बॅटरीवरची मशीन, कुंपणाच्या तारेत साधारण सेकंदाला एक झटका सोडते. जनावर दचकतं, मरत नाही. (काही लोक मशीनचे पैसे वाचवायला थेट लाइनीचा करंट सोडतात, त्यात जनावरं आणि माणसंही मरतात. हा निव्वळ गुन्हा आहे.) तर या झटक्याची तार कुठे गवताला किंवा ओल्या लाकडाला टेकली की तिथे ठिणगी पडते, आणि रेडिओत टक्, टक्, टक्, रात्रभर. मोर्सच्या टिंबाच्या अंगावर तो टक् पडला की अक्षर बदलतं. उपाय एकच, स्पर्धेच्या आदल्या दिवशी विळा घेऊन कुंपणाखालचं गवत कापणं. मेहुण्याचंच नाही, शेजाऱ्याचंही. शेजारी खूश असतो. त्याला वाटतं मी त्याच्या मशीनची बॅटरी वाचवतोय, आणि तेही खरंच आहे.

थ्री फेज रात्रपाळीला आली की तिचाही त्रास. आजूबाजूचे स्टार्टर खट्कन बसतात आणि तासाभरासाठी खालचे बँड गढूळ होतात. मोटारवाला म्हणून या आवाजाबद्दल तक्रार करायचा मला नैतिक अधिकार नाही.

रेडिओबद्दल थोडक्यात. हैदराबादचे अश्हर फरहान, कॉलसाइन व्हीयू२ईएसई, यांनी २००३ मध्ये बिटेक्स नावाच्या संचाचं सर्किट जगाला फुकट देऊन टाकलं. १४ मेगाहर्ट्झवर सहाएक वॉट देणारा संच, आपल्याकडच्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत मिळतील अशा सुट्या भागांचा. विशेष फेराइटच्या कड्या मिळत नाहीत म्हणून त्यांनी कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर वापरले. ते वाचलं तेव्हा मला वाटलं, हा आपल्या धंद्यातला माणूस आहे. पुढे त्यांनीच सगळ्या बँडांवर चालणारा मायक्रोबिटेक्स काढला. माझा तोच. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, मी त्याची ताकद मोजून पाचवर आणून ठेवली आहे. मोर्सची चावी हॅक्सॉ ब्लेडच्या दोन तुकड्यांची, घरी केलेली.

हल्ली संगणकच संगणकाशी बोलतो असेही प्रकार आहेत. त्यातला एफटी८ हा २०१७ चा प्रकार नोबेल पारितोषिक मिळालेले खगोलशास्त्रज्ञ जो टेलर यांनी स्टीव्ह फ्रँके यांच्याबरोबर केलेला, आणि कानाला जे ऐकूच येत नाही ते तो वाचतो. विद्वत्तेला नमस्कार. पण मोर्सच्या स्पर्धेत तो चालत नाही आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

पहाटे साडेपाच. शनिवार. अजून अंधार, अंगावर घोंगडी. घड्याळ एक मनगटावर आपल्या वेळेचं आणि एक मेजावर जागतिक वेळेचं, त्यात शून्य वाजलेले. मी ७ मेगाहर्ट्झवर असतो. दिवसा या बँडची लहर आकाशातल्या खालच्या थरात शोषली जाते, म्हणून दोन्ही टोकांना अंधार असेल तेव्हाच ती लांब जाते. आपल्याकडे पहाट, युरोपात मध्यरात्र. सूर्य वर येईपर्यंत तासभर मिळतो, मग आवाज विरघळत जातात.

या बँडचं महाराष्ट्राशी एक जुनं नातं आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, तो ४२.३४ मीटरवर. हिशेब केला तर ७.०८ मेगाहर्ट्झ येतात, म्हणजे आजच्या हॅमच्या पट्ट्याच्या आतच. आणि ते काही नवल नाही, कारण तो प्रक्षेपक उभा करणारे नरिमन प्रिंटर हे हॅमच होते, व्हीयू२एफयू. महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये सरकारनं हौशी परवाने थांबवले होते. जागा बदलत बदलत हा रेडिओ चालला आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडला.

उजाडल्यावर २१ आणि २८. जपानी स्टेशनांची गर्दी. दुपारी एकनंतर युरोपात सकाळ होते आणि २८ मेगाहर्ट्झ अंगावर येतो. संध्याकाळी २१, मग १४. रात्री नऊ-दहापर्यंत १४ बंद पडायला लागतो. अमेरिकेची वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते. तिकडून येणारा सूर थरथरत येतो, आणि पाच वॉटवर त्यांना ऐकू जाणं हा नशिबाचा भाग.

पाच वॉटवाल्यानं स्वतः हाका मारत बसू नये. बँडच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत हळूहळू फिरायचं, जो जोरात ऐकू येतो त्याच्याजवळ थांबायचं. जोरात ऐकू येतो म्हणजे त्याचा अँटेना मोठा आहे, आणि मोठा अँटेना बोलायला जितका चांगला तितकाच ऐकायलाही. माझा अर्धा संपर्क त्याच्याच लोखंडावर होतो. त्याचा वेग मिनिटाला तीस-पस्तीस शब्द असतो, परीक्षेतल्या आठाच्या चौपट. घाबरायचं कारण नाही. तो दिवसभर तेच म्हणत असतो. एकदा ऐकून दोन अक्षरं लिहायची, पुन्हा ऐकून आणखी दोन. त्याचा विभागाचा आकडा तर आधीच माहीत असतो. जर्मनी १४, इटली १५, जपान २५, इंडोनेशिया २८, दक्षिण आफ्रिका ३८. तरीही तो ऐकून खात्री करायची, कारण नंतर संगणक सगळ्यांच्या नोंदवह्या एकमेकांशी ताडून पाहतो आणि चुकीच्या नोंदीला दंड बसतो.

त्याची हाक संपली की सगळे एकदम तुटून पडतात. त्या गर्दीत आवाज चढवणं माझ्याजवळ नाही. मी दोन गोष्टी करतो. एक, सूर जरासा बाजूला ठेवतो, साठ-सत्तर हर्ट्झ, म्हणजे सगळ्यांच्या ढिगात न पडता वेगळा ऐकू येईल. दुसरं, अर्धा सेकंद थांबतो. सगळे बोलून संपले की जी फट राहते त्यात माझं नाव टाकतो. कधी तो 'व्हीयू२?' एवढंच विचारतो. भारत गुणक आहे, त्याला मी हवा असतो. मग बाकीचे गप्प बसतात, निदान सभ्य लोक तरी. मी पुन्हा नाव देतो. तो शेरा देतो ५९९, म्हणजे अगदी खणखणीत. मी चार वेळा सांगून त्याला कसाबसा कळलेला असतो, पण स्पर्धेत सगळे सगळ्यांना ५९९ च देतात. मीही देतो. मी २२ सांगतो, तो आभार मानतो, वहीत एक ओळ होते. सगळं मिळून दहा-पंधरा सेकंद.

शनिवारी माझ्यासारख्याला कोणी विचारत नाही, मोठ्यांना मोठे मिळत असतात. खरा बाजार रविवारी दुपारनंतर. तोपर्यंत त्या मोठ्या स्टेशनांनी सगळे जोरदार आवाज संपवलेले असतात. एकाच बँडवर तोच माणूस दुसऱ्यांदा चालत नाही. मग ते हाका मारत बसतात आणि कोणी येत नाही. अशा वेळी पाच वॉटचा बारीक सूर ते कान देऊन ऐकतात, पुन्हा पुन्हा विचारतात, अक्षर अक्षर मागून घेतात. ज्यानं काल ढुंकून पाहिलं नव्हतं तोच आज माझ्यासाठी थांबतो.

हे असं गोंगाटातून एकेक अक्षर वेचायची सवय एरवी कुठे कामाला येते ते डिसेंबर २००४ मध्ये दिसलं. दिल्लीच्या भारती प्रसाद, व्हीयू२आरबीआय, हॅमच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होत्या. त्या दिवसांत त्या रोज हजारभर परक्या आवाजांतून एकेक कॉलसाइन वेचत होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि त्याच संचावरून बेपत्ता माणसांची नावं मुख्य भूमीवर जायला लागली. नाव आणि गाव एकही अक्षर न चुकवता. सरकार आमचा खेळ चालू देतं ते यासाठीच असावं, असा माझा अंदाज आहे.

ज्याला यात यायचं आहे त्याला माझं सांगणं, आधी काही विकत घेऊ नका. प्रक्षेपक परवान्याशिवाय घरात ठेवणंही गुन्हा आहे. एसएसबीची, म्हणजे हॅमचं तोंडी बोलणं ऐकायची, सोय असलेला एखादा शॉर्टवेव्ह रेडिओ कोणाकडून मागून आणा, दहा मीटर तार झाडावर टाका आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी संध्याकाळी १४ मेगाहर्ट्झच्या वर फिरवा. तोंडी फेरी असते, मोर्स यायची गरज नाही. दर दोन-तीन किलोहर्ट्झवर एक नवा देश ओरडत असतो. नोव्हेंबरात दुकानात आलात तर तारेचे तुकडे देईन, फक्त गिऱ्हाईक नसेल तेव्हा या.

सोमवारी सकाळी मेहुणा चहा घेऊन येतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो, "भाऊजी, जिंकले तर भेटते काय?" सांगावं लागतं. वहीतल्या नोंदी टाइप करून पाठवायच्या, निकालाला महिने लागतात. भारतातून पाच वॉटच्या वर्गात उतरणारे फार नसतात, त्यामुळे देशात नंबर यायला बरा वाव असतो. पैसे मिळत नाहीत. प्रमाणपत्र मिळतं, तेही पीडीएफ. प्रिंट आपली आपण काढायची, दत्त चौकात, रंगीत, दहा रुपये.